शेजारच्या आजींची बरणी

तिच्या टोपलीत अकरा वस्तू होत्या. तिखट वेफर्सची चार पाकिटं, झटपट नूडल्सची तीन, कोलाच्या दोन बाटल्या, एक चॉकलेट केक आणि कापलेल्या कलिंगडाचा, वरून प्लॅस्टिक ताणलेला एक ट्रे.

रांगेवर पाटी होती : दहा किंवा कमी वस्तू.

"अकरा आहेत हो, मॅडम," काउंटरवरची बाई म्हणाली आणि खात्री करायला एकेक वस्तू उचलून मोठ्याने मोजू लागली. "वेफर्स एक... वेफर्स दोन..."

"केक राहू द्या," ती पुटपुटली.

"राहू द्या कशाला? घेऊ द्या त्यांना," मागून आवाज आला. "अहो – लेबलताई ना तुम्ही?"

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. दोनच दिवसांपूर्वी, रविवारी, वाचनालयाच्या हॉलमध्ये तिने बावन्न लोकांसमोर भाषण ठोकलं होतं. अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत ती नुकतीच लागली होती. पाकिटामागची बारीक अक्षरं कशी वाचावीत, मीठ कुठे लपतं, कापलेलं फळ प्लॅस्टिकमधलं का घेऊ नये – सगळं आकड्यांसकट सांगितलं होतं. टाळ्या वाजल्या, लोकांनी हात वर करून शपथ घेतली आणि तिथेच तिचं बारसंही उरकलं : लेबलताई. पहिल्या रांगेत सगळ्यात उंच हात आता मागून बोलणाऱ्या या माणसाचा होता. कोपऱ्यावरच्या सुट्या मालाच्या दुकानाचा मालक. त्याच्याकडे पिशवी, पाकीट काही मिळत नाही. आपली बरणी न्यायची. तो ती आधी रिकामी तोलतो, बुडावर वजन लिहितो आणि मगच भरतो.

आता तो आपली टोपली पाठीमागे धरून उभा होता आणि हसत होता.

"हे... माझं नाहीये," ती म्हणाली. "शेजारच्या आजींचं आहे. त्यांना जिना उतरवत नाही ना..."

शेजारी आजी नव्हत्या. शेजारी दातांचा दवाखाना होता.

"या वयात एवढं मीठ?" त्याचा चेहरा खरोखरच पडला. "एक करा. उद्या बरणी घेऊन दुकानात या. आजींसाठी मी काहीतरी देतो."

ती गेली. आपण गेलो नाही तर संशय येईल, असं तिने स्वतःला पटवलं. त्याने बरणी तोलली, बुडावर ४१२ लिहिलं आणि भाजलेले शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया, मनुका असं एकेक मापट्याने भरत गेला. दुकानभर खमंग वास होता. शेवटी त्याने घडी घातलेली एक चिठ्ठी वर ठेवली.

"ही आजींना. तुम्ही वाचायची नाही हं."

"मला वाचायची सवय आहे."

"लेबलं वाचा की! हे लेबल नाही."

जिन्यातच तिने ती वाचली. 'आजी, दाणे चावत नसतील तर रात्रभर भिजवा. मीठ अजिबात घातलेलं नाही, रागावू नका.'

बरणी चार दिवसांत संपली. वेफर्सची तीन पाकिटं तशीच कपाटात पडून राहिली. दाणे गोड लागायचे, पण आजींची आठवण आली की घशाशी अडकायचे.

दुसऱ्या आठवड्याची चिठ्ठी : 'आजी, तुमची शेजारीण तीन म्हणाली की तीन बोटं वर करते. त्या रविवारच्या भाषणात मी आकडे ऐकलेच नाहीत, बोटंच बघत बसलो. तिला सांगू नका.'

तिसऱ्या आठवड्याची : 'आजी, सगळे तिला ताई म्हणतात. मला आता म्हणवत नाही. नुसतं "अहो" म्हणून वेळ मारून नेतो. तिचं कुठे ठरलंय का? बरणीतच उत्तर टाका. आणि तिला खरंच सांगू नका.'

अशी चिठ्ठी आपल्याला कुणी लिहावी म्हणून माणूस झुरतं. तिला ती मिळाली होती – एका म्हातारीच्या नावाने, आणि म्हातारी तिने स्वतः बनवलेली! बिचारा जिच्यापाशी मन मोकळं करत होता, ती मुळी नव्हतीच. स्वयंपाकघरात एकटी असूनही तिने तोंड ओंजळीत लपवलं.

मग तिने थरथरत्या अक्षरात लिहून पाहिलं : 'मुलगी गुणी आहे. कुठे ठरलेलं नाही. – आजी.' अक्षर फारच छान जमलं. ते पाहून तिला शिसारी आली. प्रयोगशाळेत तिने आजवर एकही आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. तिने कागद फाडला आणि वहीचं दुसरं पान घेतलं.

शुक्रवारी संध्याकाळी बरणी काउंटरवर ठेवायची आणि पळ काढायचा, असा तिचा बेत होता. पण त्याचा हात सवयीने आधी काट्याकडे गेला.

"चारशे पंधरा? तीन ग्रॅम जास्त. आजींनी पुसली नाही वाटतं नीट."

"पुसलीय. मीच पुसलीय."

"मग?"

"त्यात... उत्तर आहे. मी गेल्यावर वाचा ना, प्लीज –"

झाकण तोवर उघडलं होतं. ती फरशीकडे बघत उभी राहिली. कागदाची घडी मोडल्याचा आवाज तिला नको इतका स्पष्ट ऐकू आला.

'आजी नाहीत. कधीच नव्हत्या. अकराही वस्तू माझ्या होत्या. दाणे मी खाल्ले आणि चिठ्ठ्याही मीच वाचल्या. तुमची क्षमा मागायला तोंड नाही. या रविवारचं वाचनालयातलं दुसरं भाषण मी रद्द करते आहे. तुम्ही विचारलेली माहिती : कुठे ठरलेलं नाही.'

त्याने चिठ्ठी पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"म्हणजे आजी... नाहीतच?"

"नाहीत."

"मी त्यांना गुडघ्यांसाठी आईचं तेल देणार होतो."

तिला हसू फुटलं आणि त्याच क्षणी डोळे भरून आले. "अजून लाजवू नका हो."

"लाजवत नाहीये. वाईट वाटतंय. आवडायला लागल्या होत्या मला त्या." त्याने कागदाची पुन्हा जपून घडी केली आणि बरणीत ठेवली. "त्या दिवशी माझ्या टोपलीत काय होतं, पाहिलंत?"

"नाही."

"एवढ्या मोजमापाच्या तुम्ही, आणि पाहिलं नाहीत?"

"मान वर होत नव्हती माझी."

"क्रीमची बिस्किटं. सहा पुडे. प्लॅस्टिकच्या आत पुन्हा प्लॅस्टिक." आता त्याची नजर फरशीवर गेली. "मी, सुट्या मालाचा दुकानदार. तुम्ही वळायच्या आत टोपली पाठीमागे घेतली."

"मग हाक कशाला मारलीत? गुपचूप जायचं!"

"रविवारपासून मारायची होती... धीर होत नव्हता. तुमची टोपली पाहिली आणि झाला."

तिचे कान पुन्हा तापले.

"भाषण रद्द करू नका," तो म्हणाला. "हेच सांगा. अकरा वस्तूंचं."

"लाज वाटेल."

"वाटू दे. बिस्किटांचं मी उभा राहून सांगतो. निम्मी लाज माझी."

"खरंच याल?"

"किती वाजता?"

"पाच," ती म्हणाली, आणि पाच बोटं वर गेल्यावरच तिच्या लक्षात आलं. तो बोटांकडेच बघत होता. तिने हात खाली घेतला नाही.

त्याने खाकी कागदाचा तुकडा फाडला, पाठमोरा होऊन काहीतरी लिहिलं आणि घडी करून तिच्या चिठ्ठीशेजारी बरणीत सोडला.

"ही कुणाला?"

"तुम्हाला. आजींना नाही. घरी जाऊन वाचा, जिन्यात नको."

"जिन्यात वाचते हे कुणी –"

"दुकानातून तुमचा जिना दिसतो. तीनही चिठ्ठ्या तुम्ही तिथेच उभ्याउभ्या उघडल्यात," तो म्हणाला, आणि स्वतःच गोंधळून झाकण लावू लागला.

मग सवयीने त्याने बरणी काट्यावर ठेवली. दोघंही वाकून पाहू लागले. रिकामी बरणी चारशे बारा, तिची चिठ्ठी तीन, त्याची चार.

काट्यावर आकडा स्थिरावला : ४१९ ग्रॅम.