विदादचा मुलगा

मी त्याच्याशी पहिला शब्द काय बोलले असेन? "थुंका!"

हसू नका. युद्धात लेबनॉनची कितीतरी तान्ही बाळं परदेशी दत्तक गेली. ती आता मोठी होऊन आमच्या त्रिपोलीत आईबाप शोधत येतात, आणि डीएनए तपासणीसाठी आमची संस्था त्यांची लाळ गोळा करते. थिओ फ्रान्सहून आलेला. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत हा नळी धरून कोरडा ठणठणीत!

"येतच नाहीये..."

"लिंबाचं लोणचं आठवा."

"तुमचा आवाज ऐकूनच तोंडचं पाणी पळालंय."

चावट मेला! पण मला हसू आवरेना.

मग तो रोज यायला लागला. हातात गरम कनाफ्याची मिठाई, वर साळसूद चेहरा.

"निकाल आला, सौसन?"

"नाही."

"छान. म्हणजे उद्याही येता येईल."

मी गुपचूप माझीही लाळ पाठवली. न जाणो, एकाच गावचे आम्ही! काडीचंही नातं निघालं नाही. कुणी आपलं कुणीच लागत नाही म्हणून एवढा आनंद... अगं बाई, मी तर गच्चीवर नाचले.

आणि एके दिवशी त्याचा मामा सापडला. आई मात्र, विदाद तिचं नाव, युद्धातच गेली होती. थिओ ढसाढसा रडला. मग नाक पुसत म्हणाला, "सौसन... तू तरी माझी हो ना." माझ्यासाठी तो कलमा पढायलाही तयार होता. माझा होकार तर कधीचाच तयार होता!

शुक्रवारी तो मागणी घालायला घरी आला. आईनं कॉफी ओतता ओतता विचारलं, "तुझी आई कुठली रे?"

"इथलीच, बंदराजवळची. विदाद."

आईचा हात थांबला.

"विदादचा मुलगा तू? अरे, आम्ही एकाच तळघरात लपलो होतो! ती पाणी आणायला वर गेली, ती आलीच नाही. तू भुकेनं कळवळायचास. सौसनचा थोरला भाऊ तेव्हा अंगावर पीत होता... महिनाभर दोघांना पाजलं रे मी, मग मदतवाले तुला घेऊन गेले!"

आमच्यात एका आईचं दूध प्यायलेली ती सख्खी भावंडं. त्यांचं लग्न हराम. हे कुठल्या नळीत दिसणार होतं?

थिओ गोंधळला. "काय झालं? नाही म्हणतायत का?"

आईनं डोक्यावरचा रुमाल सोडला. परक्या पुरुषापुढे तो तिनं जन्मात सोडला नव्हता. पिकल्या केसांनिशी तिनं त्याला जवळ घेतलं. "ये, माझ्या लेकरा."

तो तिच्या कुशीत शिरला. हसत होता, रडत होता. "सौसन, मला आई मिळाली गं!"

त्याला अजून कळलंच नव्हतं. आणि ते मलाच सांगायचं होतं.

मी त्याच्यासमोर बसले. मीही रुमाल सोडला.

"वेडे," तो लाजून कुजबुजला, "लग्नाआधीच?"

"भावापुढे चालतं," मी म्हणाले.