चांगल्या कपांचे फोटो

धाकटीने कॉम्प्युटर क्लासच्या पहिल्याच दिवशी अख्ख्या क्लासचं इंटरनेट बंद पाडलं, आणि तेही नीटनेटकेपणाच्या नादात.

कप-बश्या बनवणाऱ्या घरातली मुलगी. काही लोंबकळताना दिसलं की तिचे हात शिवशिवतात. भिंतीवरच्या इंटरनेटच्या डब्यातून निघालेल्या एका वायरीचं टोक मोकळंच लोंबत होतं आणि त्याच डब्यात एक भोक रिकामं होतं. तिने टोक तिथे खोचलं आणि समाधानाने जागेवर येऊन बसली. थोड्याच वेळात सगळ्यांची कुरकुर सुरू झाली.

"वायरीची दोन्ही टोकं एकाच डब्यात कुणी घातली?" टेबलाखालून आवाज आला.

तिने वाकून पाहिलं. वायरिंगचं काम करणारा तरुण तिथे उताणा पडला होता. कपाळाला धूळ आणि चेहऱ्यावर राग आणायचा निष्फळ प्रयत्न.

"मी घातली," ती म्हणाली. "लोंबत होती... बरं दिसत नव्हतं."

"आता बरं दिसतंय?"

"दिसतंय की."

तो हसला. "अहो, निरोप एका टोकातून निघतो आणि दुसऱ्यातून परत त्याच डब्यात येतो. फिरत राहतो गरागरा. बाकीच्यांच्या निरोपांना वाटच उरत नाही."

"आमच्या दादाचा राग असाच फिरतो घरात."

"मग काय करता?"

"कुणीतरी उठून बाहेर जातं."

"इथेही तेच करायचं," असं म्हणून त्याने वायर उपटली.

नेटवर्कचा हा पहिला धडा धाकटी जन्मात विसरणार नव्हती. शिकवणाराही विसरण्यातला नव्हता, पण ते तिने स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही. क्लासमधलं वायरिंग संपलं, तरी वायरवाल्याची तिथली कामं काही संपेनात. मॅडम शिकवताना समजूतदार होत्या आणि इतर वेळी आंधळ्या.

क्लास हे काही तिचं मजेचं खूळ नव्हतं. बाबा थकल्यापासून कारखाना दादाच्या हातात होता आणि निवडीचं टेबल धाकटीच्या. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप उचलायचा, फिरवून बघायचा, चांगला इकडे, तडा गेलेला तिकडे. शाळा सुटल्यापासून तिने हेच केलं होतं. ही निवड कॅमेऱ्याला शिकवायची, असं तिने मनात घेतलं होतं. दादाने एकच अट घातली. भट्टी उघडेल त्या दिवशी यंत्राने निवड करून दाखवायची, नाहीतर क्लास बंद आणि धाकटी पुन्हा टेबलावर, कायमची.

मॅडमनी सांगितलं, यंत्राला नियम सांगायचे नाहीत, उदाहरणं दाखवायची. चांगल्या कपांचे फोटो, टाकाऊ कपांचे फोटो. फरक ते आपला आपण शोधतं. धाकटीला हे फारच सोपं वाटलं. टाकाऊ कपांचे फोटो तिने कारखान्यातल्या टेबलावर ठेवून एकटीनेच काढले. चांगले कप मात्र ती टोपलीत घालून क्लासमध्ये आणायची. खिडकीपाशी वायरवाला एकेक कप हातात धरून उभा राहायचा.

"जरा डावीकडे."

"कप की मी?"

"दोघंही."

"मला तर सगळे कप सारखेच दिसतात."

"म्हणून तर देवाने तुम्हाला वायरी दिल्या."

कप असा अलगद धरणारा माणूस तिने कारखान्यातही पाहिला नव्हता. फोटो काढून झाला तरी ती मोबाइल खाली घ्यायची नाही, आणि तोही हात खाली घ्यायचा नाही. टोपली रोज जडच वाटायची, म्हणून तो ती कारखान्यापर्यंत पोचवायचा. या वाटेवरच कधीतरी 'तुम्ही' गेलं आणि 'तू' आलं.

भट्टी उघडली. दादा, वहिनी आणि बाबा टेबलाभोवती जमले. वायरवाला कॅमेऱ्याची वायर जोडून बाजूला उभा राहिला. दादाने एक निर्दोष कप टेबलावर ठेवला. पडद्यावर उमटलं, टाकाऊ. दुसरा ठेवला. टाकाऊ. मातीने पांढऱ्या झालेल्या हाताने त्याने तिसरा उचलून धरला. तोही टाकाऊ.

"भट्टीच वाया गेली म्हणायची," दादा म्हणाला.

काही चुकलंय का ते बघायला वायरवाल्याने कप उचलला. पडद्यावर उमटलं, चांगला. दादाने भुवया उंचावल्या आणि चांगलाच तडा गेलेला कप त्याच्या हातात ठेवला. चांगला. मग कान तुटलेला दिला. तोही चांगला. शेवटी वहिनीने आपली चप्पल पुढे केली. बिचाऱ्याने तीही धरली. चांगला.

बाबा पोट धरून हसायला लागले. धाकटीला मात्र हसू आलं नाही. तिने भराभर फोटो चाळले आणि तिला कळलं. प्रत्येक चांगल्या कपाभोवती वायरवाल्याची बोटं होती, टाकाऊ कपाभोवती एकही नाही. यंत्राने कप कधी बघितलाच नव्हता.

"क्लास बंद," दादा म्हणाला.

"थांब. यंत्र चुकलेलं नाही, मी शिकवताना चुकले," ती म्हणाली. "मी दाखवलं तेच ते शिकलं. चूक कुठे झाली ते मला कळलंय. पुढची भट्टी उघडेपर्यंत वेळ दे."

"आणि हे कप टेबलावर ठेवून काढता आले नसते का फोटो? क्लासमध्ये टेबलं नाहीत?"

मग वायरवालाच पुढे आला.

"टेबलं होती," तो म्हणाला. "एकेकदा मनात यायचं, सांगावं हिला, टेबलावर ठेव. पण मग... मला कशाला बोलावलं असतं?"

धाकटी वळली. "म्हणजे तुला माहीत होतं? माझा क्लास जाणार होता, आणि तू गंमत बघत होतास?"

"इतकं बिघडेल असं खरंच वाटलं नव्हतं. आपलंच बघितलं मी. चुकलो."

तिला राग आला, खराखुरा. त्याला फैलावर घ्यायला तिने तोंड उघडलं, आणि तिच्या लक्षात आलं की टेबल तर तिलाही दिसत होतं. रोज दिसत होतं. तिनेही कप त्यावर ठेवला नव्हता.

"जे यंत्राला कळलं ते या घरात कुणाला कळलं नाही," बाबा म्हणाले.

"मला केव्हाच कळलं होतं," वहिनी चप्पल पायात घालत म्हणाली. "टोपली रिकामी असली तरी पोचवायला येत होते."

दादाने कान तुटलेला कप टाकाऊ ढिगात ठेवला. "पुढची भट्टी," तो म्हणाला. "त्यानंतर एक दिवसही नाही."

दुसऱ्या दिवशी तिने चांगले आणि टाकाऊ, सगळे कप एकाच टेबलावर, एकाच उजेडात मांडले. वायरवाला दारात घुटमळत उभा होता.

"आता मी काय धरू?"

"काही नाही. तू फोटोत यायचं नाहीस."

"मग जाऊ?"

"जातोस कुठे? बस तिथे," ती म्हणाली. कॅमेरा बाजूला ठेवून ती त्याच्याकडे वळली. "यंत्राला नीट शिकवायचंय मला, म्हणून तू फोटोत नकोस. मला मात्र तू हवा आहेस. रोज. कपांचं निमित्त न काढता."

त्याने ओढून घेतलेली खुर्ची तशीच धरून ठेवली. "हे मी केव्हापासून म्हणणार होतो..."

"मग म्हण ना."

त्याने म्हटलं. धाकटीने ते नीट ऐकून घेतलं, आणि मग तडा गेलेला पहिला कप टेबलावर ठेवला.