कॅमेऱ्याच्या डोळ्यात काय गेलं?

"डाग! पुन्हा डाग! आभाळात ढग नाही, घार नाही, आणि फोटोत तीन काळे डाग!"

संजयकाका गच्चीवरून असे ओरडले, की कर्वेनगरातली झाडांवर उलटी टांगलेली वटवाघळं दचकून सरळ झाली म्हणतात.

त्यांची पुतणी निशा आणि तिचा धाकटा भाऊ पृथ्वीराज धावत वर आले. पाठोपाठ चेतन आला. हा निशाच्या वर्गातला, मूळचा हिंजवडीचा. दिवाळीची सुट्टी लागली म्हणून त्यांच्याकडे राहायला आला होता. गच्चीत वरच्या मजल्यावरची नीरजाताई मान खाली घालून उभी होती.

"ही हिच्या निवडीची करामत!" काकांनी कॅमेरा उंचावला. "लेन्स भिकार निघाली. सगळं आजच दुकानात परत करतो आणि मला हवी होती ती मोठी बॉडी मागवतो!"

आता या निवडीची गोष्ट ऐकायलाच हवी. काका हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहीत. दसऱ्याआधी त्यांना डिजिटल एसएलआर घ्यायचा होता. म्हणजे बॉडी एक, आणि तिच्यावर हवी ती लेन्स चढवायची. पण निवडायला त्यांनी इतका वेळ लावला, की तेवढ्यात मराठ्यांची फौज अटकेला जाऊन, झेंडा लावून, परत येऊन वामकुक्षीसुद्धा आटोपती! त्यांचं मन बसलं होतं विटेसारख्या जड, महागड्या बॉडीवर. फिल्म बनवायचं शिकणारी नीरजाताई म्हणाली होती, "काका, बॉडी दोन-चार वर्षांत जुनी होते. चांगली लेन्स मात्र पुढच्या बॉडीलाही चालते. व्हिडिओ घेणारी, मधल्या किमतीची बॉडी घ्या. कमी उजेडात चालणारी एक छोटी लेन्स, आणि लांबचं जवळ आणणारी एक मोठी." काकांनी तसंच घेतलं. पण पटलं होतं कुठे?

"पण काका, उद्या कापणी आहे," चेतन म्हणाला.

उद्या त्याच्या आजोबांच्या, गेनबांच्या, शेतात भात कापायचा होता. शेवटचा. जमीन गेली होती. पुढच्या वर्षी तिथे काचेची इमारत उभी राहणार होती. नीरजाताई काकांच्या कॅमेऱ्यावर त्या कापणीचा व्हिडिओ घेणार होती.

"मग आठवडाभर थांबा म्हणावं. नवी बॉडी येईल तेव्हा कापा."

"भात थांबत नाही, काका," चेतन हळूच म्हणाला. "आणि हा तर परत उगवणारही नाही."

निशा त्या तीन डागांकडे एकटक पाहत होती.

"काका, तुमचं बरोबर आहे," ती एकदम म्हणाली. पृथ्वीराजने चमकून तिच्याकडे पाहिलं. काकांचं बरोबर? "पण दुकानदार पुरावा मागेल ना! मोठ्या लेन्सने आभाळाचा एक फोटो काढा, छोटीने एक. मोठीत डाग, छोटीत नाही. संपला वाद!"

"याला म्हणतात डोकं!" काका खूश झाले. बिचारे! आपल्याच पायांनी सापळ्यात चालले होते.

दोन्ही फोटो निघाले. तिघांची डोकी कॅमेऱ्याच्या पडद्यावर आदळली. मोठ्या लेन्सने तीन डाग. छोटीनेही तीन!

"म्हणजे दोन्ही लेन्स खराब!" काका गरजले.

"आणि दोघींना एकाच जागी डाग?" पृथ्वीराज म्हणाला. "जुळ्या बहिणी आहेत का त्या?"

"चष्मा बदलला तरी कुसळ दिसतंय," निशा सावकाश म्हणाली, "म्हणजे ते चष्म्यावर नाही. डोळ्यात आहे."

नीरजाताईने झटकन मान वर केली. तिने लेन्स काढली, बॉडीचं तोंड खाली धरलं, आणि छोटा रबरी फुगा दाबून आत हवा मारली. एकदा, दोनदा...

टप्!

खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर एक दाणा पडला. तांदळाचा. लाल! त्यामागून चिमूटभर लाल भुकटी.

"काका," पृथ्वीराज डोळे विस्फारून म्हणाला, "कॅमेऱ्यात अक्षता?"

"मी सांगत होते!" जिन्यातून राधाकाकूंचा आवाज आला. त्या कपडे वाळत घालायला वर येत होत्या. "खंडेनवमीला पूजा मांडली तेव्हाच म्हटलं, त्याचं ते झाकण काढू नका!"

काकांचा चेहरा भुकटीच्याच रंगाचा झाला. "अगं, बॉडी वेगळी, लेन्स वेगळी. शस्त्रं दोन! म्हणून सुटी करून मांडली..."

"आणि बॉडीचं तोंड वर करून तिला हळदकुंकू वाहिलंत! इंजिनिअर ना तुम्ही!"

"पण कुंकू लाल, आणि डाग काळे कसे?" चेतनने विचारलं.

"आतल्या सेन्सरवर कण बसले. फोटोत उमटली त्यांची सावली," नीरजाताई म्हणाली. "सावली कुंकवाचीसुद्धा काळीच पडते. घरातल्या फोटोंच्या गर्दीत ती दिसली नाही, मोकळ्या आभाळात उघडी पडली."

तासाभरात सगळे सदाशिव पेठेतल्या दुकानात होते. सेन्सर साफ करता करता दुकानदार रावसाहेबांनी सगळी हकिगत शांतपणे ऐकली.

"नैवेद्य दाखवला नाहीत," ते म्हणाले, "हे उपकारच."

परतताना काका म्हणाले, "नीरजा, चूक माझी. न तपासता तुला बोललो. उद्या कॅमेरा तुझा, आणि त्याचं तिकाटणं उचलायला मी."

दुसऱ्या दिवशी शेताच्या एका बाजूला काचेच्या इमारती चमकत होत्या, दुसऱ्या बाजूला भात. नीरजाताईने लांबची लेन्स लावली. दूर बांधावरून घेतलं, त्यामुळे कापणारे लाजले नाहीत, की कॅमेऱ्याकडे बघून हसले नाहीत. मग छोटी लेन्स चढवून ती गेनबांच्या जवळ गेली.

"माजं तोंड कशाला काढतीस, पोरी?" गेनबा म्हणाले. "त्या बांधाचं काढ. मी काय, कुठंबी दिसन. बांध न्हाय दिसायचा पुन्यांदा."

तिने बांधाचं घेतलं. सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काकांनी तिकाटणं घट्ट धरून ठेवलं.

दुपारी झाडाखाली कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिने व्हिडिओ लावला.

"गेनबा, या पोरांमुळे झालं हं हे," काका म्हणाले. "मी तर सगळं परत करायला निघालो होतो. यांनी पुराव्यानिशी माझी चूक दाखवली!"

"शानी हायेत पोरं," गेनबांनी चेतनच्या पाठीवर हात ठेवला. "आवाज बी येतो का ह्यातनं?"

नीरजाताईने आवाज वाढवला. विळ्यांची खसखस ऐकू येऊ लागली. गेनबांनी डोळे मिटून घेतले.

"आजोबा, बघा की!" चेतनने त्यांना हलवलं.

"बगितलंय रं लई वर्सं," डोळे न उघडता गेनबा म्हणाले. "कापायच्या नादात ऐकायचंच ऱ्हाऊन गेल्तं. पुन्ना लाव, पोरी."