वगळलेले सहा दिवस

आज दुपारी मी बोगद्यात गेलो ते फक्त आमची यंत्रं काढून आणायला. धुलाईसाठी रहदारी बंद होती, पंखेही बंद. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावाहून दीड तासावरचा डोंगरातला बोगदा. माझी पीएचडी त्याच्यावरच उभी आहे.

हिशेब सोपा. तोंडाशी एक यंत्र, दुसऱ्या टोकाला, देखभालीच्या केबिनमध्ये, दुसरं. दोन्हींतल्या धुळीचा फरक, वाऱ्याचा वेग आणि गाड्यांची संख्या घेतली, की एक गाडी मैलाला किती सूक्ष्म कण सोडते ते कळतं. पंखे बिघडून वारा पडला की हे गणित चालत नाही. असे सहा दिवस मी वगळले. अगदी शास्त्राला धरून वगळले. ते सहाही दिवस भानुदासकाका त्याच केबिनमध्ये ड्युटीवर होते. मूळचे नागपूरचे, बोगद्याच्या देखभालीला. आमच्या यंत्रांवरही तेच लक्ष ठेवायचे. मार्चमध्ये गेले. फुप्फुसं.

नंतर कांतामावशींचा, त्यांच्या बायकोचा, फोन आला. "आयुष, कंपनी म्हणते हवा क्लीन होती. तुझाच रिपोर्ट दाखवतात रे. पंखे बिघडले होते त्या सहा दिवसांचा डेटा दे ना."

"मावशी, तो... डिलीट झाला."

लॅपटॉप माझ्या मांडीवरच होता. पण प्रोफेसरांची सही, पुढची नोकरी, व्हिसा, सगळं त्या रिपोर्टला लटकलेलं. असा मी शहाणा.

तर केबिनमध्ये ओल्या काजळीचा वास होता. यंत्र अजून चालू होतं. रिकाम्या बोगद्यात धुळीचा आकडा खाली यायला हवा. तो चारशेवर होता. बघता बघता सहाशे झाला. मग नऊशे. इतका आकडा मी फक्त त्या सहा दिवसांत पाहिला होता.

मागे, अगदी खांद्याशी, कुणीतरी खोकलं. तो खोकला मी ओळखला.

"काका...? माझी चूक नाही हो... गणितच तसं..."

बोललो आणि माझी मलाच किळस आली. यंत्र उपटलं, गाडीत टाकलं आणि पळालो.

घरी येऊन डेटा उघडला. आजच्या दिवसापुढे लिहिलं, 'वारा शून्य, वगळा.' हाताला सवयच लागली होती.

मग यंत्र बिघडलंय का ते बघायला खोलीत लावलं. आकडा पाच. मी सुटकेचा श्वास सोडला.

चारशे.

श्वास रोखला. पाच. हळूच सोडला. सहाशे.

आता मावशींचा फोन वाजतोय. उचलायचा तर बोलावं लागेल, आणि मी श्वास रोखून बसलोय.