दर्या दरवाजाचा पहारा

सतरा दिवस आमच्या घरात एक नियम होता. एकनाथमामाला 'तू जा, मी थांबते' असं चुकूनही म्हणायचं नाही. आणि का, ते विचारायचं नाही.

मी विचारलं. शनिवारी रात्री साडेदहाला वाडीतले लाईट गेले होते आणि आईचे काका, शांतारामबापू, ओटीवर येऊन बसले होते, तेव्हा. मामा बाजूलाच खांबापाशी उभा होता. हल्ली तो बसतच नसे.

"ऐका मग," बापू मला आणि माझ्या भावाला, उमंगला म्हणाले. "माझ्या ओळखीतल्या एकाची गोष्ट."

मामा समोर उभा, आणि म्हणे ओळखीतला एक!

"त्याचा लाईट भाड्याने द्यायचा धंदा. किल्ल्यात लग्नाआधीची शूटिंगं होतात ना, तिथे. अमावास्येला घरी येऊन जेवला, तेव्हा आठवलं, एक स्टँड दर्या दरवाजात राहिलाय. पावणेबाराला स्कूटर काढली. स्टँड मिळाला. निघणार, तर कमानीत एक जण उभा."

"नटलेला नवरदेव असेल," उमंग म्हणाला.

"गप रे. खांद्यावर बंदूक. लांब, जुनी. ओठ फुटलेले. बोलला ते कळलं नाही. हाताने खूण केली, पाणी. मग बोट जमिनीकडे. म्हणजे तोवर तू इथे उभा राहा."

"कोण होता?"

"शिबंदीतला, किल्ल्याच्या फौजेतला शिपाई. पोर्तुगीज की पेशव्यांचा, काळोखात काय कळणार? किल्ला पडला, शिबंदी निघून गेली. याला बदली द्यायला मात्र कुणी आलं नाही. आणि पहाऱ्यावरचा माणूस बदली आल्याशिवाय हलत नाही, पोरी. आपला माणूस भला. म्हणाला, जा. मी आहे."

बापूंनी एकदा मामाकडे पाहिलं.

"तो विहिरीकडे गेला... पावलं ऐकू आली. मग नाही आली... एक वाजला. दोन. याला निघायचं होतं. पाय उचलेना..."

"मग?"

"उजाडल्यावर सुटला. तेव्हापासून रोज पावणेबाराला जातो. कोंडला, तर कडी तोडून गेला."

मामाचे गाल आत गेले होते. डॉक्टरांच्या गोळ्या घ्यायचा आणि उभा राहायचा.

"त्याला सोडवायचं कसं?"

"दुसऱ्याने म्हणायचं, जा. मग तो दुसरा अडकला... म्हणून नियम."

"म्हणजे मामाला मरेपर्यंत उभं ठेवायचं? आणि आपण रोज जेवून झोपायचं?"

"क्षितिजा, आवाज खाली," आतून आई म्हणाली.

"नाही खाली! सैन्यातसुद्धा पहारा एकट्याचा नसतो. दोन-दोन तास वाटून घेऊ. मी, उमंग, आई. बापू, तुम्हीसुद्धा. अडकायचं तर सगळे अडकू. पण हा नियम मी पाळणार नाही."

मी मामासमोर जाऊन उभी राहिले.

"मामा, तू जा. मी थांबते."

मामाने खांद्यावरून काहीतरी दोन्ही हातांनी उतरवलं. हात रिकामे होते.

ठण्ण.

तो खाली बसला... आणि बसल्या बसल्या झोपला.

उमंगने मोबाईलचा उजेड टाकला. मामाच्या पायाशी फरशी फुटली होती. वाटीएवढा खळगा. ताजा.

अकरा वाजून गेले होते.

"पहिले दोन तास माझे," मी म्हणाले. "माझ्यानंतर कोण?"

आई दारात येऊन उभी राहिली. बापू फरशीकडे बघत होते.

"बापू... माझ्यानंतर कोण?"

आईने उमंगला हाताला धरून आत नेलं.