‘सोड’ म्हणायचं राहिलं

घड्याळजीचा हात काही वाईट नव्हता हो. केसाएवढा स्क्रू तो डोळे मिटून बसवायचा. म्हणूनच त्याला वाटायचं, जे उघडता येतं ते परत बसवताही येतं. त्या सकाळी त्यानं घरीच गाडीचं पुढचं चाक उघडलं. चाकाचे नट ज्यांवर बसतात ते तुटलेले दोन स्टड बदलले, ब्रेकचे पॅड बदलले. त्या खटपटीत ब्रेकच्या ऑइलची नळी निघाली, तीही परत जोडली.

“अहो, घड्याळ नाहीये ते,” बायको म्हणाली. “पाच मिनिटं मागे पडलं तर चालायला!”

आणि दुपारी मुलीला कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून तीन आठवडे होते. दवाखाना डोंगराखाली, रस्ता सगळा उताराचा, अँब्युलन्स वर यायला दोन तास. घड्याळजीनं गाडी सुरू करून ब्रेकवर पाय ठेवला, तर पाय थेट तळाला गेला.

तो खाली उतरला. चाक परत काढलं. पॅड नीट बसलेले, ऑइल भरलेलं, गळती कुठेच नाही. म्हणजे नळीत हवा. ती काढायला दोघं लागतात. एकानं आत बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्यानं चाकाशी निपल, म्हणजे नळीच्या टोकाचा पोकळ स्क्रू, सैल करून हवा बाहेर काढायची, निपल आवळायचं आणि मगच “सोड” म्हणायचं. त्याआधी पाय उचलला की हवा परत आत.

हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! सहा वर्षांपूर्वी तो दादाच्या गाडीत असाच बसला होता, हातात मोबाईल घेऊन. दादानं खालून विचारलं, “धरलंय ना रे?” पाय केव्हाच उचललेला, तरी हा म्हणाला, “धरलंय.” दादानं विश्वास ठेवला. त्याच संध्याकाळी त्याच उतारावर दादाची गाडी दरीत गेली. लोक म्हणाले, नशीब. हा आजवर तोंडातून ब्र काढू शकला नव्हता.

बायकोला आत बसवून तो चाकाशी आडवा झाला.

“दाब. धर.”

“धरलंय.”

बुडबुडे आले. निपल आवळलं. “सोड.”

असं पाच वेळा झालं, तरी बुडबुडे संपेनात. सहाव्यांदा “धरलंय” जरा घोगरं ऐकू आलं. लवंगेचा वास आला. दादा दिवसभर लवंग चघळायचा.

तेवढ्यात घराचं दार वाजलं. बायको मुलीची पिशवी घेऊन पायरीवर उभी.

“तू... आत नाहीस?”

“अगंबाई! मघाशीच सांगून गेले की. तुम्ही ‘हं’ म्हणालात.”

आतून मुलगी कळवळून ओरडली. घड्याळजीला पळून जावंसं वाटत होतं, पण पोरीला टाकून कुठे पळणार? त्यानं कपाळ जमिनीला टेकवलं.

“दादा... तेव्हा मी धरलं नव्हतं रे. खोटं बोललो. माझ्या पोरीला सुखरूप खाली नेऊ दे...”

त्यानं निपल सैल केलं. मग निपलातून ऑइलची धार आली, एकही बुडबुडा नसलेली.

“...धरलंय.”

त्यानं कसंबसं निपल आवळलं, चाक चढवलं, नट घट्ट केले आणि गाडी काढली. उतारभर ब्रेक दगडासारखा कडक लागला. मुलगी वेळेत पोचली.

दवाखान्याच्या दारात तो कपाळ पुसत होता, तर रखवालदार म्हणाला, “काका, आत कोण बसलंय? ब्रेकवरचा पाय काढायला सांगा. मागचे लाल दिवे कधीचे जळतायत.”

गाडीत कुणीच नव्हतं. तेव्हा त्याला आठवलं, शेवटच्या खेपेला “सोड” म्हणायचं राहूनच गेलं होतं. तो तोंड मिटून उभा राहिला.

अजूनही गाडी उभी केली की ते दिवे लागतात. त्या गाडीत तो शब्द कुणी काढायचा नाही, अशी त्यानं सक्त ताकीद दिलीय. घरचे हसतात, म्हातारपण लवकर आलं म्हणतात.

नातू आता दोन वर्षांचा झालाय, एकेक शब्द बोलतो. परवा गाडीनं डोंगर उतरताना मागच्या सीटवर आईनं त्याला घट्ट कवटाळलं होतं, तसा तो चिडून हातपाय झाडायला लागला.

“आई, शोड... शोड ना...”

आणि घड्याळजीच्या पायाखाली ब्रेक केसाएवढा खाली गेला.