करांद्याची बीजफीत

फुटवा : तिचा

चूल. पातेलं. कालिंदीचा आठ वर्षांपूर्वीचा जरा चिरका आवाज.

“हे कडू करांदे, रानातले कंद. अशा चकत्या करायच्या. पाण्यात मूठभर राख टाकायची आणि उकळू द्यायचं.”

उजव्या कोपऱ्यातून एक म्हातारा, गोंदलेला हात आत येतो.

छाट.

“झाले मऊ. आता तिखटमीठ लावून परतले, की झालं.”

संपलं.

*

कालिंदी गावंडने फोन टेबलावर उपडा ठेवला. “बघा. पाणी फेकायचं मी सांगितलेलंच नाही. चार दिवस हेच बघतेय. लिहून घ्या, चूक माझी आहे.”

बेलापूरच्या आवृत्ती-तपास प्रयोगशाळेत सगळं पांढरं होतं. फक्त डॉ. फरीदा काझींच्या चहाच्या कपाला पिवळा रंग होता. त्यांनी फोनला हात लावला नाही.

“कालिंदीताई, आधी बसा.”

“बसून काय करू? पनवेलच्या रुग्णालयात तीन माणसं पडलीत. त्यात एक पोरगी आहे.”

खिडकीजवळ विषतज्ज्ञ ओगले उभे होते. सुधागडच्या ठोंबरे कुटुंबाचं प्रकरण त्यांच्याकडे होतं. शेजारी दार ढकलून आत गेले, तेव्हा तिघंही उलट्या करून निपचित पडलेले. चुलीजवळ टोपलीत कडू करांदे, आणि भिंतीला टेकवलेल्या फोनवर कालिंदीचा व्हिडिओ चालूच. पोटातल्या नमुन्यांचा अहवाल अजून यायचा होता, पण तालुक्यात कालिंदीचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं होतं.

“करांद्याचं विष पाण्यात उतरतं,” ओगले म्हणाले. “ते पाणी फेकायचं, नवं घ्यायचं, पुन्हा उकळायचं. ही पायरी गाळली तर माणूस आजारी पडणारच. यात शोधायचं काय राहिलं, मॅडम?”

“ठोंबऱ्यांनी काय पाहिलं, ते.”

“त्या आत्ता दाखवत होत्याच की.”

“त्यांच्या स्वतःच्या फोनवर दिसतं, ते त्या दाखवत होत्या.” फरीदाबाईंनी चहाचा घोट घेतला. “ओगले, तुम्ही कधी व्हिडिओ टाकलेत?”

“नाही. पुतण्याच्या मुंजीचा एक टाकला होता. सोळा जणांनी बघितला, त्यातले चौदा घरचेच.”

“त्या काळात सोळाही जण एकच मुंज बघत होते. कालिंदीताई, तुम्ही सांगा यांना. तुमची सुरुवात तेव्हाचीच ना?”

कालिंदीला बोलायचं नव्हतं. पण कामाचं विचारलं की तिला गप्प बसता येत नसे. “तेव्हा बरं होतं. आपण टाकायचं, लोकांनी बघायचं. बायका खाली लिहायच्या, ताई मीठ किती, ताई तुमची मांजर गोड आहे. मग कंपनीवाले म्हणाले, लांब नको, छोटं करा. मग म्हणाले, पहिल्या झटक्यात माणूस थांबला पाहिजे. म्हणून मी भाजी बाजूला ठेवून डोळे मोठे केलेले फोटो लावायला लागले. घरात सगळे हसायचे. मग बीजफीत आली. म्हणाले, तुम्ही फक्त कच्चं चित्रण द्या, कापाकापी आमचं यंत्र करील. मला तर सुटल्यासारखं झालं.”

“आणि यंत्र कापतं ते नजरमागावरून,” फरीदाबाई ओगल्यांकडे वळल्या. “बघणाऱ्याची नजर कुठे थांबते, कुठून पळते, याचा फोन माग ठेवतो. एका बीजफितीतून प्रत्येक माणसासाठी वेगळा फुटवा निघतो. नजर जिथे थांबली तो भाग वाढतो. पळाली तो छाटला जातो, आणि सांधा दिसत नाही.”

“म्हणजे लाख माणसांनी बघितलं तर लाख व्हिडिओ?”

“हो. आणि बघून झालं की फुटवा मोडतो. कुठेही साठवत नाहीत. तो परत उगवायचा तर बीजफीत हवी, त्या माणसाचा नजरमाग हवा आणि त्याची परवानगी हवी. ठोंबरे आज सकाळी बोलायला लागले. परवानगी दिलीय त्यांनी.”

कालिंदी ताठ झाली. “ते बोलतायत? आणि पोरगी?”

“पोरगी बिस्किटं मागतेय म्हणे.”

कालिंदीने पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

ओगले मात्र अजून खिडकीजवळच होते. “समजा, यंत्र नको तिथे नवीनच काही घालतं. कालिंदीताईंच्या तोंडी भलतंच वाक्य.”

“तसं होत नाही. फुटव्यात छाटता येतं आणि पुन्हा पुन्हा दाखवता येतं, बस. बीजात नाही ते फुटव्यात उगवत नाही.” फरीदाबाईंनी भिंतीवरचा पडदा चालू केला. “एवढं फक्त दोघांनीही लक्षात ठेवा.”

*

फुटवा : त्याचा

चूल नाही. पातेलं जेमतेम. पडदाभर एक म्हातारी, कपाळावर गोंदण, हातात उलथनं.

“पाणी फेकलंस का?”

“फेकते ना, आत्याबाई.”

“फेकते म्हणजे कधी? सगळे मेल्यावर? काळं पाणी आहे ते, दिसत नाही? त्या फोनकडं काय बघतेस, पातेल्यात बघ!”

“आत्याबाई, व्हिडिओ चालू आहे.”

“चालू आहे तर त्यांना पण सांग. फेका म्हणावं. एकदा नाही, तीनदा फेका. चाखून बघा. कडू लागलं तर परत. पाणी फेकलंस का?”

पुन्हा तेच. “पाणी फेकलंस का?” पुन्हा. उलथनं हलतं, म्हातारी वळते, पुन्हा वळते. करांदे शिजून झालेले दिसतच नाहीत.

*

ओगले खुर्चीवर बसले. बसताना त्यांना हसू आवरलं नाही, मग त्यांनी ओशाळून कालिंदीकडे पाहिलं.

कालिंदी हसत नव्हती. “हे कुणी घातलं?”

“बीजात नाही ते उगवत नाही,” फरीदाबाई म्हणाल्या.

“पण माझ्यात नाहीये हे!”

“थांबा. आधी ठोंबऱ्यांना विचारू.”

रुग्णालयातून जनार्दन ठोंबऱ्यांचा चेहरा पडद्यावर आला. दाढी वाढलेली, नाकाशी नळीचा चट्टा.

“ठोंबरे,” ओगल्यांनी विचारलं, “करांद्याचं पाणी फेकलं होतं का तुम्ही?”

“कुठले करांदे?”

“तुम्ही खाल्लेले.”

“खाल्ले कुठं साहेब? टोपलीत तसेच असतील. आणले हौसेनं. मग ती म्हातारी बघितली. तीनदा उकळा, चाखा, परत उकळा! म्हटलं एवढा कुटाणा कोण करणार. बायको म्हणाली, मग बघताय कशाला रोज? मी म्हटलं, करांद्यासाठी नाही गं, म्हातारीसाठी बघतो. माझी आई अशीच करवादायची. आता घरात ओरडायला कुणी उरलं नाही.”

“बायको आहे ना!” पलीकडच्या खाटेवरून आवाज आला.

“हिचं निराळं,” ठोंबरे म्हणाले.

“मग खाल्लं काय होतं?”

“लग्नाला गेलो होतो. बासुंदी. जरा आंबूस होती, पण फुकट कोण सोडतो?”

ओगले उठले. “आणखी कोणी खाल्ली? गाव कुठलं?” एवढं विचारून, उत्तर ऐकताऐकताच ते दुसऱ्या फोनवर नंबर लावत बाहेर पळाले. दार उघडंच राहिलं.

“ताई,” ठोंबरे पडद्यातून म्हणाले, “लोक तुमचं नाव घेत होते, असं इथली नर्स म्हणाली. मी सांगतो सगळ्यांना. आणि त्या म्हातारीला नमस्कार सांगा.”

कालिंदीने मान हलवली. म्हातारी, म्हणजे तिच्या सासूबाई, दोन वर्षांपूर्वीच गेल्या, हे तिने सांगितलं नाही.

*

पडदा विझल्यावर तिने आधी पाणी मागितलं. ग्लास रिकामा केला. खांदे खाली आले, चार दिवसांत पहिल्यांदाच.

“मला वाटलं होतं कंपनीने काढून टाकलं त्यांना,” ती म्हणाली. “माझ्या एकाही व्हिडिओत दिसत नाहीत आता. मेलेल्या माणसांना काढत असतील, म्हटलं. मूळ चित्रण माझ्याकडे नाही, फोन भरला तेव्हा पुसलं होतं. मग पाणी फेकायचं सांगितलं होतं की नाही, हेच आठवेना.”

“कंपनीने नाही काढलं.”

कालिंदीने ग्लास खाली ठेवला.

“सगळ्याच निर्मात्यांना वाटतं की आपल्या फोनवर दिसतं तेच मूळ. पण टाकून झालं की तुम्हीही एक बघणाऱ्याच. तुमचाही फुटवाच.” फरीदाबाईंचा आवाज खाली आला. “लाख लोकांची नजर त्यांच्यावर थांबली, म्हणून लाख घरांत ती सूचना टिकली. त्या गेल्यानंतर एका माणसाची नजर तेवढी पळत राहिली.”

“आवाज आला की मी दुसरीकडे बघायचे,” कालिंदी म्हणाली. “नाही बघवायचं.”

“यंत्राला वाटलं, आवडत नाही.”

कालिंदी एकदम हसली, नाक ओढत. “आत्याबाईंना कळलं असतं तर यंत्राला उलथन्याने मारलं असतं.”

“बीजफीत दाखवू? पूर्ण, न छाटलेली?”

कालिंदीने विचार केला. “नको. पण तो हात का दिसतो मग? कोपऱ्यातून येतो आणि जातो.”

“यंत्र अधूनमधून चाचपून बघतं. छाटलेल्या भागाचं टोक दाखवतं. नजर थांबली तर थोडं जास्त देतं. पळाली तर पुन्हा बंद.”

“म्हणजे दोन वर्षं तो हात मला विचारतोय?”

फरीदाबाईंनी कप उचलला. त्यातला चहा मघाशीच संपला होता.

*

फुटवा : तिचा, पुन्हा

बेलापूरच्या एसटी थांब्यावर उन्हं कलती होती. बाकावर कालिंदी, मांडीवर पिशवी, हातात फोन.

चूल. पातेलं. “पाण्यात मूठभर राख टाकायची आणि उकळू द्यायचं.”

कोपऱ्यातून हात येतो. ती बघत राहते.

छाट.

पहिल्यापासून. हात येतो. या वेळी कोपरापर्यंत. तिचे डोळे भरतात, ती ते पुसते, पण मान वळवत नाही.

पुन्हा पहिल्यापासून. हात, उलथनं, पदराचं टोक.

एक एसटी येते, भरते, जाते. कंडक्टर ओरडतो, “मावशी, पेण, पेण!” ती नाही म्हणून मान हलवते.

पुन्हा. हात, खांदा, कपाळावरचं गोंदण. तोंड उघडतं. छाट.

पुन्हा.

“पाणी फेकलंस का?”

“फेकलं, आत्याबाई,” कालिंदी थांब्यावर मोठ्याने म्हणाली, आणि बाकावर शेजारी बसलेली बाई दचकून जरा सरकली.